फडाचे पाणी

सह्याद्रीचा डोंगर उतरून पूर्वेकडे जाऊ लागले म्हणजे पावसाचे मान झपाट्याने कमी होत जाते. घाटमाथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस खानदेशाच्या सपाटीवर येईपर्यंत जणू थकून जातो. धुळे जिल्ह्याच्या बऱ्याच भागात वर्षभरात सुमारे पाचशे ते सहाशे मिलिमीटरच पाऊस पडतो. तोही चार महिन्यांत, आणि त्यातही एकसारखा नव्हे. एखादे वर्षी आषाढ कोरडा जातो, तर एखादे वर्षी ऐन कणसे भरण्याच्या वेळी आभाळ रिते राहते. अशा प्रदेशात नुसत्या पावसावर बाजरी पिकेल, पण गव्हाची किंवा उसाची आशा धरता येणार नाही. असे असूनही या भागातील काही नद्यांच्या काठी शेकडो वर्षे ऊस उभा राहिला, गहू पिकला आणि हरभऱ्याचे घाटे भरले. हे ज्या व्यवस्थेमुळे घडले तिला फड पद्धत म्हणतात.

ही पद्धत मुख्यतः धुळे आणि नाशिक या जिल्ह्यांत आढळते. सह्याद्रीत उगम पावणारी पांझरा नदी साक्री तालुक्यातून वाहत धुळे शहराजवळून पुढे जाते आणि मग उत्तरेकडे वळून तापीला मिळते. कान ही पांझरेची उपनदी. दक्षिणेस बागलाणात मोसम आणि आरम या नद्या वाहतात व पुढे गिरणेला मिळतात. पांझरा, कान, मोसम आणि आरम या नद्यांच्या खोऱ्यांत फड पद्धत वाढली. ती किमान तीन-चारशे वर्षांपासून चालत आली असल्याचे मानले जाते.

‘फड’ हा शब्द मराठीला नवा नाही. उसाचा फड असतो, तमाशाचा फड असतो, पहिलवानांच्या कुस्त्यांचाही फड असतो. आणि सभेत उत्तम भाषण करणाऱ्याने फड जिंकला असेही म्हणतात. या सर्व प्रयोगांत पुष्कळांनी एकत्र येण्याची कल्पना आहे. शेतीच्या या पद्धतीत ‘फड’ म्हणजे पुष्कळ शेतकऱ्यांच्या शेतांचा मिळून झालेला, एका पाण्यावर भिजणारा आणि एकच पीक घेणारा जमिनीचा मोठा पट्टा. पट्ट्यातील प्रत्येक शेताचा मालक निराळा. परंतु त्या शेतात काय पेरावयाचे हे मात्र एकट्या मालकाने ठरवावयाचे नाही. ते सर्वांनी मिळून ठरवावयाचे.

असे बंधन शेतकऱ्यांनी आपण होऊन का स्वीकारले असेल, हे समजण्यासाठी आधी पाणी नदीतून शेतात कसे येते ते पाहिले पाहिजे.

नदीचे पात्र शेतांपेक्षा खोल असते. डोळ्यांसमोर पाणी वाहत असले तरी ते आपोआप काठ चढून वर येत नाही. विहिरीवर मोट चालवून पाणी वर काढता येते. पण मोटेला बैल लागतात, माणूस लागतो, आणि दिवसभर राबूनही थोडीच जमीन भिजते. फडाच्या पाण्याला बैल लागत नाहीत. तेथे उताराचाच उपयोग करून घेतलेला असतो.

समजा, नदीचा तळ दर हजार मीटरांना चार मीटर खाली उतरतो. गावाच्या वरच्या अंगाला नदीत एक बंधारा घातला आणि तेथून काठाने एक पाट खोदला. मात्र पाटाला उतार दिला दर हजार मीटरांना एकच मीटर. आता हजार मीटर गेल्यावर नदी चार मीटर खाली गेलेली असेल, पाट मात्र एकच मीटर. म्हणजे तेथे पाट नदीच्या तळापेक्षा निदान तीन मीटर उंच राहील. आणखी हजार मीटरांवर हे अंतर सहा मीटर होईल. अशा रीतीने पाट हळूहळू नदीपासून वर आणि दूर होत जातो. शेवटी पाट व नदी यांच्यामध्ये जी जमीन राहते ती सारी पाटाच्या खालच्या बाजूस येते. पाटाला जागोजागी तोंडे पाडली की पाणी त्या जमिनीवर आपल्या वजनानेच उतरते. भिजण्याजोगी जमीन कोठून सुरू होते आणि कोठे संपते हे पाटाची रेषाच ठरवून देते.

हे सांगण्यास सोपे आहे. करण्यास तितकेच अवघड. उतार फार कमी झाला तर पाटात गाळ साचतो. फार जास्त झाला तर पाणी पाटाचा तळ व कड खरवडून नेते. हे पाट बांधणाऱ्यांजवळ आजच्यासारखी मोजमापाची यंत्रे नव्हती. पाणी कोणत्या बाजूला धावते व कोठे थबकते हे पाहत त्यांनी पाटाची वाट शोधली. त्यांपैकी बहुतेकांची नावे कोणाला ठाऊक नाहीत; त्यांचे काम मात्र कित्येक पिढ्यांनी वापरले.

बंधारा म्हणजे धरण नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. धरण पावसाळ्याचे पाणी साठवून उन्हाळ्यासाठी राखून ठेवते. बंधारा पाणी साठवीत नाही. तो वाहत्या पाण्याची पातळी थोडी उंच करतो आणि त्यातील काही भाग पाटाकडे वळवितो. पूर आला की उरलेले पाणी बंधाऱ्याच्या माथ्यावरून उडी घेऊन पुढे जाते. नदीच्या तळाशी पक्का खडक लागतो अशी जागा पाहून दगडचुन्याने हे बंधारे बांधीत. पाटातून लहान पाटचाऱ्या निघत व त्यांतून पाणी निरनिराळ्या फडांकडे जाई. जास्त झालेले पाणी सांडव्यावाटे पुन्हा नदीत सोडून देण्याची सोयही केलेली असे.

एकाच नदीवर असे अनेक बंधारे एकाखाली एक असत. वरच्या गावाच्या शेतांत दिलेले सर्वच पाणी पिकांच्या पोटात जात नाही. त्यातील काही जमिनीत मुरते, झिरपत झिरपत नदीच्या पात्राकडे उतरते आणि खालच्या गावाच्या बंधाऱ्याला पुन्हा मिळते. म्हणून वरच्या गावाने पाणी घेतले तरी खालची नदी एकदम कोरडी पडत नसे. परंतु वरच्या गावाने नदी सगळीच वळविली, तर मात्र खालच्या गावावर संकट ओढवे. तेव्हा पाण्याचा प्रश्न एका शेताचा नव्हता, एका गावाचाही नव्हता. तो साऱ्या खोऱ्याचा होता.

आता पाणी पाटात आले. ते वाटावयाचे कसे?

समजा, कोणताही नियम नाही. पाटाच्या आरंभी ज्याचे शेत आहे तो म्हणेल, “पाणी प्रथम माझ्या दारावरून जाते, मी ऊस लावीन.” ऊस सुमारे वर्षभर शेतात उभा असतो व उन्हाळ्यात त्याला आठ-दहा दिवसांच्या अंतराने पाणी द्यावे लागते. त्याच्या शेजारी कोणी गहू पेरील. गहू चार महिन्यांत तयार होतो व त्याला पाणीही बेताचे पुरते. पण उसाच्या शेतातील पाणी पाझरून गव्हाच्या मुळाशी साचेल. त्यापुढे कोणी हरभरा घेईल; त्याला आणखी कमी पाणी हवे. म्हणजे प्रत्येकाची पाण्याची वेळ निराळी आणि गरजही निराळी. एकेका शेतासाठी पुन्हा पुन्हा पाट वाहता ठेवावा लागेल, आणि प्रत्येक खेपेस वाटेतील कोरडी माती आपला हिस्सा आधी पिऊन घेईल. पाटाच्या शेवटी ज्याचे शेत आहे त्याच्यापर्यंत पाण्याऐवजी बहुधा पाण्याची बातमीच पोहोचेल.

फड पद्धतीने ही अडचण दोन नियमांनी सोडविली.

पहिला नियम असा : भिजणाऱ्या सर्व जमिनीचे साधारणपणे तीन किंवा चार फड करावयाचे, आणि एका फडात एका हंगामी एकच पीक घ्यावयाचे. एका फडात ऊस असला तर तेथील सर्व शेतकऱ्यांनी ऊसच लावावयाचा. दुसऱ्या फडात गहू असला तर तेथे सर्वांनी गहूच पेरावयाचा. एकच पीक असले म्हणजे साऱ्या फडाची पाण्याची वेळ एक होते. पाटचारी एकदा भरली की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने सर्व शेते भिजवून घेता येतात. राखण करावयाची तर एकाच पिकाची, कापणी करावयाची तर सर्वांची एकाच सुमारास. उसाचे पाझर गव्हाला बाधत नाहीत, कारण ऊस आणि गहू एकमेकांचे शेजारीच नसतात.

दुसऱ्या वर्षी फडांची पिके बदलीत. ज्या फडात ऊस होता तेथे हंगामी पीक येई. एखादा फड पाण्याविना पडीत ठेवीत. याचे कारणही जमिनीच्या हिताचे होते. काळ्या जमिनीला वर्षानुवर्षे जास्त पाणी दिले म्हणजे पाण्याचा निचरा होत नाही. ती चिबड होते, तिच्यात क्षार वर येतात आणि शेवटी ती चोपण बनते. अशा जमिनीत पेरलेले बी उगवत नाही. फडांची पिके फिरती ठेवल्याने जमिनीला श्वास घेण्यास अवसर मिळे व तिचा कसही टिकून राही.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा होता. पुष्कळ गावांत शेतकऱ्याची जमीन एकाच फडात नसे. प्रत्येक फडात तिचा थोडा थोडा तुकडा असे. सपाटून एके ठिकाणी जमीन असणे सोयीचे खरे. मग अशी विखुरलेली शेते कशासाठी? याचे उत्तर पाऊसपाण्याच्या चांगल्या वर्षी सापडत नाही. ते दुष्काळाच्या वर्षी सापडते.

एक उदाहरण घेऊ या. एका गावात चार फड आहेत. एका शेतकऱ्याची जमीन चार एकर आहे. प्रत्येक फडात एक एकर. दुसऱ्याची आठ एकर आहे. प्रत्येक फडात दोन एकर. पाऊस कमी झाला, नदी आटू लागली, आणि सर्वांनी मिळून ठरविले की या वर्षी दोनच फडांना पाणी पुरेल. तेव्हा पहिल्याची दोन एकर जमीन भिजेल व दुसऱ्याची चार एकर. दोघांचीही निम्मी जमीन भिजली व निम्मी कोरडी राहिली. आता कल्पना करा की पहिल्याची चारही एकर जमीन शेवटच्या फडात असती. त्या वर्षी त्याच्या वाट्याला थेंबही आला नसता, आणि वरच्या फडातील शेतकऱ्याचे काहीच गेले नसते. मग कोणता फड बंद ठेवावयाचा यावर एकमत होणे शक्यच नव्हते. ज्याचे काहीच जात नाही तो दुसऱ्याची जमीन कोरडी ठेवण्यास तत्काळ संमती देतो, आणि ज्याचे सर्वस्व जाते तो प्राण गेला तरी देत नाही. परंतु प्रत्येक फडात प्रत्येकाचा तुकडा असला म्हणजे कोणताही फड बंद झाला तरी सर्वांनाच सारखी झळ लागते. निर्णय कठीण असला तरी तो घेता येतो.

भरपूर असताना वाटणी कोणालाही जमते. तुटवड्याची वाटणी करणे हे खरे अवघड काम होय, आणि फड पद्धतीचे सारे बळ याच वाटणीत होते.

फडाच्या गावाचे वर्ष त्याच्या कामांनी ओळखू येई. पावसाळा तोंडावर आला की पाट साफ करण्याचे काम निघे. वर्षभरात पाटात गाळ साचलेला असे, काठाची झुडपे आत वाढलेली असत, उंदीर-खेकड्यांनी कडांना भोके पाडलेली असत. ज्यांची जमीन पाटाखाली होती त्यांच्या घरची माणसे कुदळी, फावडी आणि पाट्या घेऊन कामावर येत. ज्याची जमीन अधिक त्याने अधिक भार उचलावा, हा साधा हिशेब होता. बंधाऱ्याचा एखादा चिरा पुराने निखळला असेल तर तोही बसवून घेत. पाट फुटला तर एकाचे नव्हे, सर्वांचे नुकसान होते हे प्रत्येक जण जाणून असे.

मृगाचा पाऊस पडला की पेरण्या होत. पावसाळ्यात आकाशाचे पाणी मिळत असल्याने पाटाचे पाणी पावसाने ओढ दिली तरच लागे. हा आधार लहान वाटला तरी त्याचे मोल मोठे आहे. बाजरीचे पीक सुमारे तीन महिन्यांचे. त्यातील तीन आठवडे पाऊस आला नाही तर कोरडवाहू शेतातील पीक करपून जाते. फडातील पीक त्याच वेळी एका पाण्याने वाचते. पावसाळा संपता संपता नदीला पाणी किती आहे याचा अंदाज येई आणि त्यावरून रब्बीत गहू, हरभरा किती करावयाचा हे ठरे. उन्हाळ्यात नदीची धार बारीक होई. तेव्हा असेल ते पाणी बहुधा उसासाठीच राखावे लागे. म्हणूनच उसाचा फड किती मोठा असावा हे पावसाळ्यात नदी दुथडी भरून वाहत असताना ठरविता येत नसे. वैशाखातील नदी डोळ्यांसमोर आणून ते ठरवावे लागे.

हे सर्व निर्णय शेतकऱ्यांचे पंच घेत. कोणत्या फडात कोणते पीक, कोणता फड पडीत, पाटाची सफाई केव्हा, नियम मोडणाऱ्यास दंड किती, या गोष्टी ते सर्वांना विचारून ठरवीत. पुढे ते निर्णय अमलात आणण्यासाठी ठरावीक माणसे नेमलेली असत. पाटातून पाणी सोडणे व ते शेताशेतांत वाटणे हे काम पाटकऱ्याचे. शेताला पाणी देण्यास या भागात ‘बारे देणे’ असे म्हणतात. त्यावरून शेतात प्रत्यक्ष पाणी फिरविणाऱ्यास बारेकरी हे नाव मिळाले. पिकांची राखण करणारा तो जागल्या. या सर्वांच्या कामावर देखरेख करण्यासाठी हवालदार असे.

पाटकऱ्याचे काम पाहण्यासारखे होते. पाण्याची पाळी कोणाची, कोणत्या शेताला किती वेळ पाणी द्यावयाचे, कोठे वाफा भरला आणि कोठे अजून कोरडा आहे, हे सारे त्याच्या ध्यानात असे. रात्रीची पाळी असली तर तो कंदील घेऊन चारीच्या काठाने फिरे. शेताचा मालक घरी निजला असला तरी त्याच्या शेताला त्याचे पाणी मिळे; मालकाने स्वतः उभे राहून पाणी ओढण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे बळकट माणसाला अधिक पाणी आणि दुबळ्याला कमी, असे होण्यास वाव राहत नसे. ज्या घरात कर्ता पुरुष नाही, त्या घरच्या शेतालाही पाळीप्रमाणे पाणी मिळे. पाटकऱ्याला मोबदला बहुधा धान्याच्या रूपाने दिला जाई. पीक चांगले आले तर त्याचा वाटाही चांगला. यामुळे साऱ्या फडाचे भले ते त्याचेही भले ठरे.

सरकार-दरबारीही या पाण्याची दखल घेतलेली होती. पाटाच्या पाण्याने भिजणाऱ्या जमिनीला पाटस्थळ व मोटेच्या पाण्याने भिजणाऱ्या जमिनीला मोटस्थळ असे म्हणत, आणि साऱ्याची आकारणी करताना हा भेद पाहिला जाई. प्रसिद्ध स्थापत्यविशारद सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले, तेव्हा नोकरीच्या आरंभीच्या काळात त्यांनी नाशिक व खानदेशात काम केले. पुढे दख्खनच्या कालव्यांसाठी त्यांनी ‘ब्लॉक पद्धत’ सुचविली. कालव्याखालील जमिनीचे गट पाडावयाचे, पाणी त्या गटांनाच द्यावयाचे आणि गटातील काही भागात ऊस व उरलेल्या भागात हंगामी पिके आलटून पालटून घ्यावयाची, अशी ती योजना होती. खानदेशातील फडांशी तिचे साम्य सहज लक्षात येण्यासारखे आहे.

याचा अर्थ फड पद्धतीत काही उणे नव्हते असा नाही. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला होता. ज्याला पाटाखाली जमीन नाही त्याला त्या पाण्यात वाटा नव्हता. गावातील भूमिहीन मजुरांना फडावर काम मिळे, पाणी मिळत नसे. एखाद्या शेतकऱ्याला नवे पीक करून पाहावेसे वाटले तरी फडाच्या नियमापुढे त्याचे चालत नसे. वाटण्या होता होता काही तुकडे इतके लहान झाले की त्यांत औत फिरविणेही जिकिरीचे झाले. भांडणेही होत, कारण पाणी आणि भांडण यांचा संबंध फार जुना आहे. परंतु भांडण मिटविण्याची जागा गावातच होती, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाटावर दोघांनाही यावेच लागत होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या खोऱ्यांचे रूप बदलू लागले. नद्यांच्या वरच्या भागात धरणे झाली : पांझरेवर लाटीपाडा, कान नदीवर मालनगाव, मोसमवर हरणबारी आणि आरमवर केळझर. त्यामुळे पावसाळ्याचे पाणी साठू लागले, आणि पुढील महिन्यांत ते ठरावीक आवर्तनांनी सोडता येऊ लागले. हा मोठा लाभ होता. पण नदीला पाणी केव्हा येणार हे आता आभाळाबरोबरच धरणाच्या दारावरही अवलंबून राहिले, आणि ते दार गावच्या पंचांच्या हाती नव्हते.

याहून मोठा बदल विजेने घडविला. शेताशेतात विहिरी झाल्या, त्यांवर पंप बसले. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला पाटकऱ्याच्या पाळीची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. त्याने आपल्या मनाप्रमाणे भाजीपाला, कांदा किंवा डाळिंब लावले आणि बाजारात त्याला चांगला पैसाही मिळाला. त्याचा यात दोष काढता येणार नाही. आपल्या कष्टाचे अधिक मोल मिळावे असे कोणाला वाटत नाही? परंतु एकेक शेतकरी फडाच्या नियमातून बाहेर पडला, तसतशी पाट साफ करण्यास येणारी माणसे कमी होत गेली. पाटात गाळ राहिला, खालच्या शेतांना पाणी पोहोचेना. मग खालच्या शेतकऱ्यानेही विहीर खणली. पुष्कळ ठिकाणी फड मोडले. काही गावांत मात्र ते आजही आपल्या परीने चालू आहेत.

येथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. नदीचे पाणी उघड्यावर वाहते. कोणी जास्त घेतले तर सर्वांना दिसते. विहिरीचे पाणी जमिनीखाली असते. माझी विहीर माझ्या शेतात आहे, म्हणून तिचे पाणी माझेच, असे प्रत्येकाला वाटते. वस्तुतः जमिनीखालच्या पाण्याला शेताचा बांध ठाऊक नसतो. एकाने खोल विंधण घेऊन रात्रंदिवस पंप चालविला तर शेजारच्या विहिरीची पातळी उतरते. मग शेजारी आणखी खोल जातो. दोघांचाही खर्च वाढत जातो आणि पाणी मात्र वाढत नाही. फडाच्या काळात जो प्रश्न पाटावर उभा होता तोच आता जमिनीखाली जाऊन बसला आहे. फरक एवढाच की तेथे पाळी ठरविणारे पंच नाहीत आणि कंदील घेऊन फिरणारा पाटकरीही नाही.

पाणी वापरणाऱ्यांनीच पाण्याची व्यवस्था पाहावी हा विचार मात्र पुसला गेला नाही. सिंचन प्रकल्पांचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपविण्यासाठी महाराष्ट्रात २००५ साली कायदा झाला. त्याप्रमाणे कालव्यावरील शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था स्थापन करावयाच्या, संस्थेने ठरलेल्या मापाने पाणी घ्यावयाचे आणि आपल्या सभासदांना ते वाटून द्यावयाचे, अशी त्यात तरतूद आहे. आज पाणी मोजण्याची साधने आहेत, पावसाचे अंदाज मिळतात, ठिबक सिंचनाने थोड्या पाण्यात पीक घेता येते. पांझराकाठच्या जुन्या शेतकऱ्यांपाशी यांपैकी काहीच नव्हते.

त्यांच्यापाशी होता तो एक ठराव : पाणी कमी पडेल त्या वर्षी ते सर्वांनाच कमी पडेल. हा ठराव पाळावयाचा तर पेरण्यापूर्वी शेजाऱ्याला विचारावे लागते, कुदळ घेऊन पाटावर जावे लागते आणि आपली पाळी संपली की वाहते पाणी आपल्या हाताने पुढच्या शेताकडे वळवावे लागते. धरण बांधता येते, पंप विकत आणता येतो. परंतु हे तिसरे काम प्रत्येक पिढीला नव्याने शिकावे लागते.